विहीणबाई, ओल्या वाळूतून चला

लोक काशीला जाताना गंगाजलासाठी रिकामा कॅन नेतात. मी सायकल नेली.

सायकल माझ्या लेकीची, केतकीची. डोंगरात चालवायची, जाड टायरची, सातारच्या आमच्या पडवीत दोन वर्षं धूळ खात पडलेली. ह्यांनी तिची चाकं काढली, हँडल फिरवून आडवं केलं आणि जुन्या गोधडीत सगळं बांधून दिलं. बांधताना एकदाच विचारलं, "जातेस तू एकटी. मग परतीची तिकिटं दोन कशाला?" मी म्हटलं, "असू देत." लग्नाला तीस वर्षं झाल्यावर नवरे पुढे विचारत नाहीत.

तुमच्यापासून काय लपवायचं? मी लेकीला परत आणायला निघाले होते.

कारण सांगते. केतकी यवतेश्वराचा घाट एका दमात चढणारी पोरगी. दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न काशीतल्या मुकुंदशी झालं. मुकुंद बँकेत आहे, गोड मुलगा. घर रामघाटावरचं, पिढ्यान् पिढ्या तिथेच राहिलेलं मराठी घर. तिचे सासरे वेदपाठशाळेत शिकवतात, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. माणसं चांगली, म्हणून मी दिली. पण गेलं वर्षभर एक गोष्ट मला खात होती. मी रोज सकाळी सहाला चहा झाला की लेकीला फोन करते. आणि रोज सकाळी सहाला माझी लेक धापा टाकत असायची. "आई, कामात आहे गं, नंतर करते," एवढंच बोलायची, तेही दम लागलेल्या आवाजात. पहाटे सहाला कुठल्या घरातली सून धापा टाकते? पाणी भरणारी. फरश्या घासणारी. मी भूगोल शिकवते, पण एवढं गणित मलाही येतं.

रामघाट, पहिला दिवस

स्टेशनवर मुकुंद आला होता. गोधडीतलं बोचकं बघून तो म्हणाला, "आई, हे काय घेऊन आलात?"

"केतकीची सायकल."

तो जरा हसला, जरा दचकला. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

रिक्षा मैदागिनच्या चौकापर्यंत जाते. पुढे गल्ल्या. आमच्याकडे दोन घरांमध्ये जेवढी मोरी असते तेवढ्या रुंदीत इथे दुकान, देऊळ, बैल, शाळेतून सुटलेली मुलं आणि मोटारसायकल एकाच वेळी मावतात. आम्ही सायकलचा सांगाडा घेऊन निघालो आणि पहिल्याच वळणावर एक बैल आडवा उभा. मुकुंद म्हणाला, "रुकूया. तो जाईल तेव्हा आपण जाऊ." बैल दहा मिनिटांनी गेला. तेवढ्यात चार जणांनी मुकुंदला विचारलं, हे काय आहे, कुठून आणलं, आणि ह्या कोण. "सासूबाई आहेत" म्हटल्यावर एका म्हाताऱ्या दुकानदाराने भुवया चढवल्या. मुलीची आई मुलीच्या सासरी मुक्कामाला! त्यांच्यात म्हणे जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. मी त्याच्यासमोर उभी राहून बाटलीतलं पाणी प्यायले. ते स्टेशनवरचं होतं, पण त्याला काय ठाऊक!

घरी केतकी दारातच गळ्यात पडली. मान उन्हाने रापलेली. हात हातात घेतला तर तळव्यांना घट्टे. मागे तिच्या सासूबाई उभ्या होत्या, माई. हसल्या, पाणी दिलं, आत गेल्या. फार बोलत नाहीत. बोलणारी सासू परवडली, न बोलणारीचा थांग लागत नाही.

गुरुजी संध्याकाळी पाठशाळेतून आले. एकोणसाठ वर्षांचे, सडपातळ, गळ्यात मफलर. "या विहीणबाई! सफर कशी झाली? काही परेशानी नाही ना झाली?" असं म्हणेपर्यंत त्यांची नजर कोपऱ्यातल्या सायकलवर गेली. त्यांचा चेहराच पडला. केतकीकडे बघितलं. केतकीने मान हलवली, नाही अशी. आणि गुरुजी जिना चढून वर गेले.

झालं. माझी खात्रीच पटली.

जेवायला वरण-भात आणि नव्या वाटाण्याची उसळ होती. उसळीत आलं जरा जास्त होतं, तसं मी सांगितलंही. जेवताना गुरुजी पुन्हा खुलले. "काशीला आलात, काय सोडणार?" काशीला येऊन आपल्या आवडीचं काहीतरी गंगेवर सोडायचं, परत जन्मात खायचं नाही, ही रीत आपल्याकडच्या सगळ्यांना माहीत असते.

"कारलं," मी म्हटलं.

"कारलं आवडतं तुम्हाला?"

"छे! तोंडात घालवत नाही."

गुरुजी एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "बढिया. आमच्या इथे येऊन अर्धा महाराष्ट्र कारलंच सोडून जातो. गंगेत मासे कमी, कारली जास्ती झालीत." माई वाढता वाढता थांबल्या, माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत गेल्या.

रामघाट, दुसरा दिवस

दुपारी वाटाणे सोलताना मी केतकीला विचारलं, "सुखात आहेस ना गं?"

"आई, रविवारपर्यंत थांब," ती म्हणाली.

"रविवारी काय आहे?"

"थांब म्हटलं ना." आणि वाटाण्याचे दाणे तोंडात टाकून पसार झाली. पर्समधली दोन तिकिटं मी चाचपून बघितली. सोमवारची होती.

पलीकडची रेती

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, पहाटे जाग आली. केतकी घरात नव्हती. गुरुजी नव्हते. माई चुलीपाशी होत्या, म्हणजे गॅसपाशी, पण त्या स्वतः चूलच म्हणतात.

"केतकी कुठे गेली?"

"पलीकडे. बाबांबरोबर. रोजच जातात."

"रोज? कशाला?"

माईंनी गॅस बंद केला, शाल घेतली आणि म्हणाल्या, "चला, नावेतून पलीकडे नेऊन दाखवते." तीन दिवसांत त्यांचं हे सगळ्यात लांब वाक्य.

पंचगंगा घाटाच्या पायऱ्या म्हणजे आमचा अजिंक्यतारा उलटा धरल्यासारख्या. खाली बचाऊ नाववाला होता, माईंना बघून त्याने काही न विचारता नाव सोडली. थंडी अजून थोडी शिल्लक होती. पलीकडचा काठ म्हणजे नुसती रेती, पावसाळ्यात पाण्याखाली असते, आता मैलभर मोकळी. अजून सूर्य वर आला नव्हता. नाव मध्यावर आली तेव्हा सहा वाजले. माझ्या हाताला सवय. मी फोन लावला.

आणि समोर, त्या रेतीवर, एक पोरगी पळत होती. ती थांबली, खिशातून फोन काढला.

"आई, कामात आहे गं," धापा टाकत माझ्या कानात आवाज, "नंतर करते."

फोन खिशात घालून पोरगी पुन्हा पळायला लागली. तिच्या पुढे एक सायकल चालली होती. सायकलवर धोतर मांडीपर्यंत खोचलेला, मफलर डोक्याला गुंडाळलेला एक माणूस होता. पोरगी ओरडत होती, "मागे बघू नका! पुढे बघा! बाबा, हा वेद नाहीये, दोन पावलं पुढे नि एक मागे चालणार नाही!" वेद पाठ करताना दोन शब्द पुढे जाऊन एक मागे यायचं, अशी एक पद्धत आहे म्हणे, गुरुजी ती मुलांना शिकवतात.

आणि सायकलवरचे गुरुजी मोठ्याने म्हणाले, "हो गुरुजी!"

आपल्या सुनेला. गुरुजी.

मी नावेत उभी राहिले. बचाऊ ओरडला, "बैठिए अम्मा, नाव पलट जाएगी!" मी बसले. मला हसू आलं की रडू, ते नीट सांगता येणार नाही. दोन्ही आलं. माईंनी शालीचं टोक पुढे केलं.

मग सगळा उलगडा माईंनीच केला. लग्नाच्या पंगतीत मी व्याह्यांना विचारलं होतं, सायकल येते का? ते म्हणाले होते, "आमच्या पायऱ्यांच्या गल्लीत सायकल कशी येणार, आम्ही पायी नाहीतर नावेने." त्यावर मी पन्नास माणसांत म्हटलं होतं, "म्हणजे चार वेद येतात, पण सायकल येत नाही!" सगळे हसले होते, गुरुजीही हसले होते. मी विसरूनही गेले. गुरुजी विसरले नाहीत. वर्षाने सुनेला म्हणाले, मला शिकव, पण तुझ्या आईला सांगायचं नाही, येईपर्यंत बिल्कुल नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांनाही नाही. बचाऊच्या झोपडीत दोन जुन्या सायकली ठेवल्या होत्या. वर्षभर पहाटेपासून उन्हं वर येईपर्यंत ही दोघं रेतीवर, आणि पावसाळ्यात रेती बुडाली की पायांची ताकद जाऊ नये म्हणून घाटाच्या पायऱ्यांची चढउतार. तळव्यांचे घट्टे गुरुजींची सायकल मागून धरून धरून पडलेले, मान तिथेच रापलेली. आणि पहिल्या दिवशी सायकल बघून गुरुजींचा चेहरा पडला, तो रागाने नाही. त्यांना वाटलं, विहिणीला पत्ता लागला!

मी किनाऱ्याला उतरले तेव्हा गुरुजी मला बघून थेट वाळूत आडवे झाले. त्यांना थांबायला तेवढं एकच येत होतं.

"तुम्हाला कसं मालूम झालं?" पडल्या पडल्या त्यांनी विचारलं.

"माईंनी आणलं."

गुरुजी माईंकडे बघत म्हणाले, "घरातच फितुरी."

रविवारची शर्यत

शहरातल्या सायकलवाल्या तरुण मंडळींनी रेतीवर माउंटन बाइकची शर्यत ठेवली होती. माउंटन कुठे आहे, असं मी विचारलं, तर ट्रॅक्टरने केलेले वाळूचे तीन ढीग दाखवले. सातारच्या बाईला हसू आवरत नाही हो अशा वेळी! शर्यतीत एक भाग घरच्यांचा होता, एकाच घरातली तीन माणसं, त्यातलं एक पन्नाशीच्या पुढचं, आणि वेळ मोजायची ती शेवटच्याची. केतकी, मुकुंद आणि गुरुजी अशी नावं दिलेली होती. रेती, मग काठाचा चढ, मग तुरीच्या शेतांमधून फेरी आणि परत.

पहाटे मुकुंदने केतकीची सायकल खांद्यावर घेतली. पंचगंगेच्या पायऱ्यांवर मला म्हणाला, "आई, संभाळून उतरा हं, इथे काई असते. आम्हाला आदत आहे." हे बोलला आणि त्याच शेवाळावरून घसरला. सायकलला काही झालं नाही. मुकुंदचा घोटा मात्र टम्म सुजला.

केतकी पायरीवरच बसली. वर्षभराची मेहनत, एकोणसाठ वर्षांचा तयार केलेला विद्यार्थी, आणि दोनच माणसं. मला तिचं ते तोंड बघवेना. शाळेत जायला वीस वर्षं सायकल मारली आहे मी.

"मी येते," मी म्हटलं. "पंजाबी ड्रेस घातलाय."

पलीकडे नाव नोंदवणाऱ्या मुलाने आमच्याकडे बघितलं. "तीनों एक ही घर के हैं?"

"हाँ," गुरुजी म्हणाले.

"ये कौन लगेंगी?"

"समधिन." म्हणजे विहीण.

मागे लोक हसायला लागले. मुलगा म्हणाला, "समधिन तो दूसरे घर की हुईं, पंडितजी."

गुरुजींनी मफलर सारखा केला. "भइया, चार दिन से हमारे यहाँ खा रही हैं और हर चीज में खोट निकाल रही हैं. मेहमान ऐसा करता है? घर का ही आदमी करता है." मुलाने मुकाट्याने नाव लिहून घेतलं. मला राग यायला हवा होता. आला नाही.

शिट्टी झाली. केतकी बाणासारखी गेली. मी म्हटलं, आता दाखवते काशीकरांना सातारा. पन्नास हातांवर माझं पुढचं चाक वाळूत रुतलं आणि मी कोलमडले. उठले, पुन्हा बसले, पुन्हा रुतले. दगड-मातीची वाट मला ठाऊक, ही वाळू म्हणजे पिठात सायकल चालवणं. तेवढ्यात बाजूने, धोतर खोचून, संथपणे, गुरुजी गेले.

"विहीणबाई, ओल्या वाळूतून चला! पाण्याकडेने! कोरडी वाळू पकडते!"

मी मुकाट पाण्याकडेला गेले. खरंच, चाक सरसर चाललं. ट्रॅक्टरच्या ढिगांवरही ते माझ्या पुढेच होते, ढिगापलीकडे आडवे होऊन, उठून, धोतर झटकत थांबले होते. चार वेद आणि सायकल दोन्ही येणारा माणूस माझी वाट बघत उभा होता, हे मला आयुष्यभर सहन करायचं आहे.

काठाच्या चढावर मात्र त्यांची गाडी अडली. चढ त्यांनी पाहिलेलाच नव्हता. तिथे मी त्यांचं सीट मागून ढकललं. वर गेल्यावर शेताची पायवाट, आणि तिथे ते तुरीत पडले. लागलं नाही. पण नवीनच अडचण कळली. गुरुजींना सायकलवर बसायला पायरी लागते. बचाऊच्या नावेच्या काठावर पाय ठेवून बसायची सवय, नाहीतर ढिगावर चढून. सपाट जमिनीवरून त्यांना बसताच येत नव्हतं. काशीचा माणूस, पायरीवाचून त्याचं पान हलत नाही.

मी खाली गुडघ्यावर बसले. "माझ्या पाठीवर पाय ठेवा."

"काय बोलता!" गुरुजी दोन पावलं मागे सरकले. "विहिणीला पाय लावू? नरकात जाईन!"

"शर्यत चालली आहे, गुरुजी!"

"शर्यत जाऊ दे!"

आमचं हे भांडण चाललेलं असताना पुढे गेलेली केतकी परत आली. ती सगळ्यांच्या पुढे होती, हे मला नंतर कळलं. तिने सायकल टाकली आणि दोघांकडे बघत कमरेवर हात ठेवले. मागून शेतातली एक म्हातारी हे सगळं पाहत होती. तिने झोपडीसमोरची बाज ओढत आणली. "ए बाबा, खटिया पर चढ़ जाईं."

गुरुजी बाजेवर चढले. सायकल केतकीने धरली, बाज मी धरली, म्हातारीने "हर हर महादेव" केलं आणि गुरुजी सुटले.

आम्ही शेवटून पहिले आलो. शेवटची फीत कधीच गुंडाळून ठेवली होती. नाव लिहिणाऱ्या मुलाने आम्हाला येताना बघितलं, पळत जाऊन फीत पुन्हा सोडली आणि दोन काठ्यांना बांधली. काठावर लंगडा मुकुंद, बचाऊ, कचोरीवाला आणि कुठून कळलं देव जाणे, गुरुजींचे अकरा विद्यार्थी उभे होते. गुरुजींनी त्यांना बघितलं आणि सवयीप्रमाणे थांबायला आडवे झाले. पण फितीच्या पलीकडे.

केतकी त्यांच्याजवळ वाळूत बसून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी दोन वर्षांत तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. पण मी पाहायला आलेच कुठे होते? नुसता फोन करत होते.

कचोरी-जलेबी खाताना ती माझ्या कानाशी लागली. "आई, उद्याचं माझं तिकीट रद्द करू, की अजून बघायचंय?"

माझ्या हातातली जलेबी द्रोणात पडली.

"तुझं रेल्वेचं खातं मीच काढून दिलंय गं. मेसेज मला येतो."

"म्हणजे सगळ्यांना..."

"पहिल्या दिवसापासून. माईंनासुद्धा."

त्यांच्या सुनेला न्यायला आलेल्या बाईला ही माणसं चार दिवस वाटाण्याची उसळ वाढत होती, आणि मी आलं जास्त झालं म्हणत होते! मी खूप शरमले. गुरुजी समोरच बसले होते, पण त्यांनी मुद्दाम कचोरीकडे बघितलं.

पंचगंगा, सोमवार

निघायच्या सकाळी गुरुजींनी मला पंचगंगेवर नेलं. पाण्यात उभं केलं, ओंजळीत पाणी दिलं.

"बोला. काय सोडलं?"

मी पलीकडच्या रेतीकडे बघितलं. मग म्हटलं, आणि खरंच मनापासून म्हटलं, "लेकीची काळजी सोडली."

 गुरुजींनी माझ्या ओंजळीखाली हात धरला, पाणी सांडू नये म्हणून.

"विहीणबाई, गंगेत उभ्या आहात, खोटं बोलू नका. ते कुणालाच जमत नाही. तुम्ही कारलंच सोडा."

मी कारलं सोडलं.

गाडीत माझ्या समोरची, केतकीच्या नावाची सीट रिकामी होती. तिच्यावर मी माईंनी दिलेला डबा ठेवला. मिर्झापूर गेल्यावर उघडला. पुऱ्या होत्या, लोणचं होतं आणि वरच्या पुडात दोऱ्याने बांधलेली, बडीशेप आणि आमचुराने भरलेली, खमंग तळलेली चार कारली. केतकीला फोन केला. ती म्हणाली, "माईंनी पहाटे तीनला उठून केली. म्हणाल्या, आवडत नाही म्हणतात, म्हणजे आमच्या हातचं खाल्लं नाही."

मी शेजारच्या बाईंना ती चारही कारली दिली. त्यांनी एक खाल्लं, डोळे मिटले आणि बोटं चाटली. गाडीच्या सगळ्या डब्यात तो वास भरून राहिला. जन्मात पहिल्यांदा मला कारलं खावंसं वाटलं, आणि आता खायची सोय राहिली नव्हती.